पाहणे आणि जाणणे



'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' असे आपण सहज म्हणून जातो. डोळ्यांनी पाहिले की पुराव्याचे काम संपले, असा त्याचा भाव. परंतु भारतीय दर्शनकारांनी या पाहण्याचीही कसून परीक्षा केली आहे.

प्रमाणे किती, याविषयी त्यांच्यात एकमत नाही. चार्वाक केवळ प्रत्यक्ष मानतात. बौद्ध व वैशेषिक त्याला अनुमानाची जोड देतात. सांख्य तीन, नैयायिक चार, तर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा प्रमाणे स्वीकारतात. प्रत्यक्ष मात्र या सर्वांनाच मान्य आहे.

इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून उत्पन्न होणारे ज्ञान ते प्रत्यक्ष, असे गौतमाचे न्यायसूत्र सांगते. पण तेवढ्यावर न थांबता तीन अटी घालते. ते ज्ञान शब्दावर अवलंबून नसावे, वस्तूला सोडून जाणारे नसावे आणि निश्चित असावे. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की, उन्हाळ्यात तापलेल्या भूमीवरील किरणे दुरून पाण्यासारखी भासतात. ते प्रत्यक्ष नव्हे. दूरवर दिसते तो धूर की धूळ, हे ठरत नाही तोवर तेही प्रत्यक्ष नव्हे. आणि वस्तूचे नाव ठाऊक नसणाऱ्यालाही वस्तू दिसतेच. नाव पुढे व्यवहारासाठी येते.

ही पहिली अट पाळणे किती कठीण, हे आम्ही अनुभवाने शिकलो. बदलीच्या नोकरीत आम्ही अनेक प्रांतांत राहिलो. गाडीतून उतरण्यापूर्वीच तेथील लोकांना लावायचे एखादे विशेषण आमच्यापाशी तयार असे. एका गावी शेजारचे गृहस्थ कधी बोलत नसत. 'ही माणसे तुटकच' असे आम्ही ठरवून टाकले. पुढे एका रात्री आमच्या घरी आजारपण आले, तेव्हा न सांगता तेच डॉक्टरांना घेऊन आले. आपल्याला हिंदी नीट येत नाही, या संकोचाने ते गप्प राहत, हे नंतर कळले. वर्षभर ते रोज आमच्या दृष्टीस पडत होते. आम्ही मात्र त्यांना लावलेले नावच पाहत होतो.

मंडळाला आज 50 वर्षे झाली. या नगरीने आपल्याला घर दिले, मुलांना शाळा दिली. आपण तिच्या माणसांना पाहिले आहे, की त्यांच्याविषयी केवळ ऐकले आहे? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो आणि मग आपणांपुढे ठेवून आपली रजा घेतो.