कॅथरीनचा हिरवा झगा



आपल्या धाराशिव जिल्ह्यातले कुंथलगिरी हे कुलभूषण आणि देशभूषण या जैन मुनींचे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या सप्टेंबरात इथेच सल्लेखनेने, म्हणजे अन्नत्याग करून, देह ठेवला. इथल्या दिगंबर मूर्तीपुढे हात जोडणाऱ्याला तिच्या अंगावर वस्त्र का नाही, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. ज्याने सर्वस्व सोडले, त्याने वस्त्रही सोडले.

ही नजर घेऊन इटलीतल्या असिसीचे एक भित्तिचित्र पाहावे. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत करतो आहे, आणि बिशप त्याला आपल्या वस्त्राने झाकतो आहे. म्हणजे त्यागाचा उघडा देह ख्रिस्ती चित्रकलेलाही परका नाही.

मग उघड्या देहांच्या चित्रावरून रोममध्ये वादळ का उठले? मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवरचा ‘अंतिम न्याय’ १५४१ मध्ये पूर्ण केला. मेलेली माणसे देहासह उठतात, ही ख्रिस्ती श्रद्धा. त्या दिवशी राजाची झूल किंवा धर्मगुरूचा झगा कशाला उरेल? म्हणून चित्रकाराने बहुतेक देह उघडेच रंगवले. ही चित्रे हमामखान्यात शोभतील, अशी तक्रार पोपच्या दरबारातल्या बिआजो दा चेझेना या अधिकाऱ्याने केली. चित्रकाराने त्याचाच चेहरा नरकातल्या न्यायाधीशाला दिला, वर गाढवाचे कान लावले!

पण अखेर तक्रारीचीच सरशी झाली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पवित्र चित्रांतल्या कामुकतेला मनाई केली. पुढच्याच वर्षी मायकेलअँजेलो गेला, आणि दानिएले दा व्होल्तेर्रा या त्याच्याच स्नेह्याला त्या देहांवर वस्त्रे रंगवावी लागली. संत कॅथरीनच्या आकृतीवर तर रंग चढवून भागले नाही. गिलावा खरवडून तिला नव्याने हिरवा झगा घातला गेला. हे नुकसान मोठे आहे. तिथे झाकली गेली ती चित्रकाराची श्रद्धा.

देह उघडा दिसला की वासनाच आठवावी, असे आपल्या मातीने कधी मानले नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्ती पाहा. शिर नाही, पाय प्रसूतीच्या वेळी असतात तसे फाकलेले. निर्मितीची शक्ती याहून थेट कशी दाखवणार? रा. चिं. ढेरे यांनी या देवीवर आख्खा ग्रंथ लिहिला. शाळेच्या सहली तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेणाऱ्या शिक्षकांनी या मूर्तीपुढून मुलांना घाईने पुढे ढकलू नये. तिथे थांबून बोलावे.

१९९४ मध्ये ‘अंतिम न्याय’ची सफाई पुरी झाली, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या चॅपेलचा मानवी देहाच्या धर्मचिंतनाचे मंदिर म्हणून गौरव केला. नंतरच्या काळात चढवलेली काही वस्त्रे तेव्हा उतरवली गेली. व्होल्तेर्राची बहुतेक राहिली. कॅथरीनचा मूळ गिलावाच उरलेला नाही. झाकण्याआधीचे चित्र पाहायचे, तर मार्चेल्लो व्हेनुस्तीने १५४९ मध्ये केलेली छोटी प्रतिकृती नेपल्समध्ये आहे. त्याच शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात पाँपेईला सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे, अंगावर केवळ दागिने ल्यालेली. तेरला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची ती जवळची नातलग.