आशेचा नांगर

पालघरहून पश्चिमेची वाट धरली की शिरगावला समुद्र लागतो. उत्तरेला सातपाटी, दक्षिणेला माहीम, मध्ये हे गाव आणि किनाऱ्यावर त्याचा जुना किल्ला. हा किल्ला एकेकाळी पोर्तुगिजांच्या अमलात होता. १७३९ च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांच्या हाती आला. पुढे पेशवाई गेली, इंग्रजी राज्य आले, आणि १९४७ साली तेही गेले. या प्रत्येक सत्तेला वाटले असेल की, दगडी तट आपल्या ताब्यात आहे, आता उद्याची काळजी नाही. तट राहिला, त्याच्या आधाराने निर्धास्त झालेले मात्र एकामागून एक निघून गेले.

तटाबाहेर राहणाऱ्या माणसाला तर अशी निर्धास्ती कधीच मिळाली नाही. जाळे भरून येईल की रिकामे, हे दर्यावर जाणाऱ्याला सांगता येत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या की घरखर्च कसा चालवावा, हा प्रश्न घरच्या बाईपुढे उभा राहतो. पापलेट पूर्वीसारखे मिळत नाही, ही तक्रार या किनाऱ्यावर सर्वांच्या तोंडी आहे. वाढवणच्या मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. त्याने आपल्या धंद्याचे काय होणार, ही चिंता कोळीवाड्यांत आहे. तिकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्याला पुढच्या वर्षी आपली नोकरी राहील की नाही, हे ठाऊक नसते. अशा वेळी श्रद्धेचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारले तर त्याच्यावर रागावू नये. प्रश्न खरा आहे.

ख्रिस्ती धर्म या प्रश्नाला काय उत्तर देतो, ते आज पाहू. आपणांपैकी पुष्कळजण ख्रिस्ती नसतील. पण काळजीला काही जातधर्म नसतो, म्हणून हे सर्वांनीच ऐकायला हरकत नाही.

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले एक पत्र आहे. त्यात आशेला नांगराची उपमा दिली आहे. नांगर काय करतो, हे कोळ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. नांगर टाकला म्हणून वारा पडत नाही, लाट लहान होत नाही. होडी हलते, आदळते, आतल्यांचे कपडे भिजतात. फक्त ती वाहून जात नाही. आणि नांगराने जो तळ धरलेला असतो, तो वर बसलेल्याला दिसत नाही. हाताला दोराचा ताण तेवढा जाणवतो. ख्रिस्ती माणूस जिला आशा म्हणतो, ती अशी आहे. उद्या काय घडेल याची ती हमी देत नाही. काहीही घडले तरी ज्याने आपल्याला धरले आहे तो सोडणार नाही, एवढाच तिचा भरवसा.

येशूच्या शिष्यांत कित्येक कोळीच होते. गालीलच्या सरोवरात एकदा रात्री मोठे वादळ झाले आणि होडीत पाणी भरू लागले. येशू मागच्या बाजूला उशाशी टेकून झोपला होता. पट्टीचे दर्यावर्दी ते, पण घाबरले. त्यांनी त्याला उठवले आणि जवळजवळ भांडणच केले: आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच कसे वाटत नाही? त्याने वादळ शांत केले आणि मग त्यांच्या अविश्वासाबद्दल त्यांना विचारले. बोलणी बसली, पण होडीतून कोणाला उतरवले नाही. भीती वाटणे म्हणजे श्रद्धा संपणे नव्हे. ती भीती घेऊनही त्याच्याकडेच जाता येते, हे या प्रसंगातून ध्यानात येते.

आता तुम्ही म्हणाल, ही फार जुनी गोष्ट झाली. मग आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या होत नाहीत तोच दुष्काळात थोड्याच काळात वडील गेले, आई गेली आणि बहीणही गेली. भावाबरोबर त्यांनी पायी देश पालथा घातला. कलकत्त्यात १८७८ साली 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून त्यांचा गौरव झाला. पण १८८० साली तो भाऊ वारला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी, आणि वय चोविसाच्या आत!

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून सगळे सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी सापडला आणि खुद्द ख्रिस्त काही वर्षांनी, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. ते पुढे पुण्याला नेले. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून कित्येक पालकांनी आपल्या मुली तेथून काढून नेल्या. इतक्या कष्टाने उभे केलेले घर पुन्हा डळमळले.

इथे आपल्या मराठी भाषेची एक गंमत पाहा. होडी धरून ठेवतो तोही नांगर, आणि जमीन उलटवतो तोही नांगर. एकाच शब्दात धरून राहणे आणि कामाला लागणे ही दोन्ही आली. रमाबाईंचे पुढचे आयुष्य या दोन्ही अर्थांचे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवले, छापखाना चालवला. लहानपणी दुष्काळाने जिचे घर पुसून टाकले, तिने दुष्काळातल्याच मुलींना घर दिले. देवाने माझ्या आईबापांना का नेले, या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळाले असेल की नाही, कोण जाणे. पण प्रश्न सुटेपर्यंत हात जोडून बसायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम घेतले. १९२१ साली मनोरमाही वारली. तरीही ते काम त्यांनी टाकले नाही, शेवटास नेले. आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले. केडगावचे ते काम आजही चालू आहे.

तेव्हा ज्याची झोप उद्याच्या काळजीने उडाली आहे, त्याला मी एवढेच सांगेन. मनातली भीती देवापुढे जशी आहे तशी बोला. तिला भक्तीचे सुंदर शब्द हवेतच असे नाही. मग सकाळी उठून जे काम आपल्या हातचे आहे ते करा: जाळे विणायचे असेल तर ते, मुलाला शाळेत पोचवायचे असेल तर ते. आणि आपल्याहून अडचणीत असलेले एखादे घर आळीत असेलच, त्या दाराशी एकदा जाऊन या. तिथे नुसते दोन शब्द विचारून यायलाही पैसे पडत नाहीत, आणि त्या घरच्या माणसाला ते पुष्कळ दिवस पुरतात.