पॅरिसहून लंडनला, रेल्वेने
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'प्रवासावर पाच मिनिटं बोल' असा मला हुकूम आहे. युरोप आता आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय, म्हणून आयफेल टॉवर वगळतो. आम्ही दोघं पॅरिसहून लंडनला रेल्वेने गेलो, तेवढंच सांगतो.

भूगोलाच्या बाई समोर बसल्यात, म्हणून आधी कबुली. नववीत त्यांच्या तासाला मी आणि माझा बाकमित्र नकाशावर राजधान्यांचा खेळ खेळायचो. नकाशासंग्रह त्याचा, पेन्सिल माझी. एका राजधानीतून दुसरीत रेल्वेने जायचं, समुद्र आला की डाव खलास. पॅरिसहून लंडनला निघालेला माझा डाव दरवेळी कॅलेला बुडायचा.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील गिरणीत होते, त्याचेही. माझे वडील लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात, डबे दुरुस्तीला. आमच्याकडे पगार येत राहिला, त्यांच्याकडे थांबला. दहावी सुरू व्हायच्या आधीच तो आईबरोबर गावी गेला. जाताना नकाशासंग्रह माझ्याकडे ठेवून गेला. मी एकही पत्र टाकलं नाही. आधी काय लिहावं कळेना, मग उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली. या मेळाव्याच्या यादीमुळे त्याचा नंबर मिळाला, तरी फोन करायचा धीर होत नव्हता.

तर प्रवास. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा : युरोपचा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनातच आधी फ्रेंच अधिकारी पासपोर्ट बघतो आणि चार पावलांवर इंग्रज अधिकारी. म्हणजे ब्रिटनमध्ये शिरायची परवानगी फ्रान्समध्येच मिळते. आपल्यासारखं धावत गाडी पकडणं इथे जमत नाही, बरंच आधी जावं लागतं.

गाडी तासाला ३०० किलोमीटरपर्यंत पळते. पॅरिस ते लंडन साधारण सव्वादोन तास. आपल्या स्टेशनात फास्ट लोकल थांबतसुद्धा नाही, त्यामुळे वेगाचं कौतुक मला जरा जास्तच! पण मी कान देऊन होतो तो डब्याखालच्या आवाजाकडे. खडखड अशी नाहीच. वडील असते तर पुढच्या स्टेशनात उतरून खाली वाकले असते.

कॅले मागे पडलं आणि काळोख झाला. बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला ३८ समुद्राखाली. १९९४ साली सुरू झाला, म्हणजे आमच्या खेळानंतर बारा वर्षांनी. वीसेक मिनिटं खिडकीत फक्त स्वतःचं तोंड दिसतं. त्या वेळात मला परळच्या बीआयटी चाळीतले बाबासाहेब आठवले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून ते लंडनहून निघाले. फ्रान्समध्ये मार्सेलिसपर्यंत रेल्वे, पुढे बोट. पुस्तकं दुसऱ्या बोटीने पाठवली होती, ती जर्मन पाणबुडीने बुडवली. तरी काही वर्षांनी ते परत लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. आणि मला एक फोन करवत नव्हता.

सेंट पँक्रसला उतरलो. लाल विटांची, टोकदार मनोऱ्यांची इमारत बघून बायको म्हणाली, "अगंबाई, बोरीबंदर!" चूक नव्हतं तिचं. हे स्टेशन १८६८ चं, आपलं त्यानंतरचं, पण चेहरा एका घराण्यातला. छपराखाली उभं राहून फोन लावला. तिथे दुपारचे बारा, इथे साडेचार.

"कोण?"

नाव सांगितलं. "पॅरिसहून लंडनला आलो रे. रेल्वेने."

बराच वेळ काही नाही. मग, "खोटारड्या, बोटीत बसला असशील!"

बोगद्याचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझा नकाशा आहे का अजून?"

आहे. आज पिशवीतून आणलाय. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, खाली उतरलो की देतो. मागची दोन पानं नाहीत, ती माझ्याकडून गेली.