सात रविवार आणि दोन मैदाने

गावात फुटबॉलचे सामने भरवायचे ठरले, की पहिली चर्चा होते ती ढालीची. ढाल केवढी, ती कोणाच्या नावाची, बक्षीस-समारंभाला पाहुणे कोण. मैदान आणि तारखा यांचा विचार मागाहून होतो. मग एखाद्या रविवारी अकरा मुले एस. टी. ने दहा कोस येतात आणि त्यांना कळते की समोरचा संघ आलेलाच नाही. तशीच ती परत जातात. असे दोनदा झाले की तिसऱ्या खेपेस सहाच मुले येतात. आणि सातांहून कमी खेळाडू असले तर नियमाप्रमाणे सामना सुरूच करता येत नाही. हरल्यामुळे संघ क्वचित मोडतो. खेळायलाच न मिळाल्याने तो हटकून मोडतो.

ही अडचण आपल्याच नशिबी आली आहे असे समजू नका. इंग्लंडात विल्यम मॅक्ग्रेगर नावाचे एक कापडाचे व्यापारी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला संघाचे काम पाहत. ठरलेले सामने ऐनवेळी रद्द होत, या त्रासाला कंटाळून त्यांनी मार्च 1888 मध्ये इतर संघांना पत्रे लिहिली : आपण काही संघ मिळून वर्षाचे सामने आधीच ठरवू आणि ते पाळू. बारा संघ जमले. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. म्हणजे एकूण 132 सामने. जगातली पहिली फुटबॉल लीग ती हीच. तिच्या मुळाशी काय होते? तारीख पाळण्याचा शब्द!

आपल्याकडे कोल्हापूरला हे चांगले रुजले आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावाचे संघ शाहू स्टेडियमवर लीग खेळतात. जी नावे कुस्तीच्या मातीतली, तीच फुटबॉलला मिळाली. मग नाशिक जिल्ह्यातल्या गावांना हे का जमू नये?

उदाहरण म्हणून निफाड तालुका घेऊ. समजा निफाड, ओझर, पिंपळगाव, लासलगाव, चांदोरी, सायखेडा, विंचूर आणि उगाव असे आठ संघ आहेत. बाद पद्धतीने सामने घेतले तर सातच सामन्यांत निकाल लागतो. सोय मोठी, पण चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच आपण आधी निरोप देतो! नापास होणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढण्यासारखेच आहे हे, नाही का? साखळी पद्धतीत सामने होतात 28, पण प्रत्येक संघाला सात खेळायला मिळतात.

आता त्या 28 सामन्यांची मांडणी. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आठ चिठ्ठ्या घ्याव्यात. वरच्या ओळीत डावीकडून निफाड, ओझर, पिंपळगाव, लासलगाव. खाली उगाव, विंचूर, सायखेडा, चांदोरी. वरचा आणि त्याच्या खालचा, असे चार सामने पहिल्या रविवारचे झाले. पुढच्या रविवारसाठी निफाडची चिठ्ठी जागेवरच ठेवा आणि बाकीच्या सात घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर सरकवा. असे करीत गेल्यास सात रविवारांत प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. संघ सातच असले तर आठवी चिठ्ठी कोरी ठेवा. कोरी चिठ्ठी ज्याच्यासमोर येईल त्याला त्या दिवशी सुट्टी.

चार सामन्यांना दोन मैदाने पुरतात : एक सामना सकाळी, एक दुपारी. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दुपारचा सामना साडेतीनला सुरू व्हावा. मैदान किमान 90 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद हवे. हे झाले 4050 चौरस मीटर, म्हणजे आपला एक एकर! गोलाचे खांब उत्तर-दक्षिण बाजूंना रोवा, म्हणजे मावळतीचे ऊन गोलरक्षकाच्या डोळ्यांवर येणार नाही. दोन खांबांत अंतर 7.32 मीटर, आडवी दांडी 2.44 मीटर उंचीवर. कोपरे काटकोनात यावेत म्हणून दोरीने तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण आखा. पायथागोरसचा सिद्धान्त शिकवायला याहून चांगला फळा मिळायचा नाही. फक्की मारण्याआधी दगडगोटे वेचून घ्या, हे मात्र विसरू नका.

तारखा धरताना पंचांग आणि शेत दोन्ही पाहावे लागते. इगतपुरीकडे पावसाळ्यात मैदानच सापडत नाही. निफाड-दिंडोरीत जानेवारीपासून द्राक्षांची तोडणी. पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा. पुढे शाळांच्या परीक्षा. म्हणून दिवाळीनंतरचे रविवार बरे. त्या दिवसांतही कांद्याची लागण असतेच म्हणा! पण मुलाचा सामना कोणत्या रविवारी हे महिनाभर आधी कळले, तर बाप कामाची सोय लावतो. आदल्या रात्री कळले, तर तो मुलालाच अडवतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

शेवटी तीन नियम कागदावर लिहा. एक : अडचण असेल तर बुधवारपर्यंत कळवावे, न कळवता जो येणार नाही त्याचे गुण समोरच्याला. दोन : पंच तिसऱ्या गावचा. तीन : राहिलेल्या सामन्यांसाठी आठवा रविवार मोकळा. हा कागद शाळेत, ग्रामपंचायतीत आणि एस. टी. स्टँडवर लावा. कोणी मोठा माणूस म्हणाला, "आमचा एवढा सामना पुढे ढकला," तर त्याला तो आठवा रविवार दाखवा.

आपली लीग यशस्वी झाली की नाही, हे विजेत्या संघाकडे पाहून ठरवू नका. सहाही सामने हरलेला एखादा संघ असेल. सातव्या रविवारी तो पुरी अकरा मुले घेऊन एस. टी. तून उतरला आणि मैदानावर फक्की मारलेली, पंच हजर, समोरचा संघ तयार असे त्याला दिसले, तर तुमचे काम झाले असे खुशाल समजा.