पॉम्पेईची वाट भरूचवरून



परदेशी जाऊन आलेला माणूस बोलायला उभा राहिला की श्रोते हळूच घड्याळ बघतात. म्हणून इटलीचं सगळं प्रवासवर्णन सांगत नाही. वीतभराहून थोड्याच उंच अशा एका हस्तिदंती बाईपुरतं बोलतो.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि नेपल्सजवळचं पॉम्पेई हे नांदतं शहर राखेखाली गाडलं गेलं. 1748 मध्ये तिथं खोदकाम सुरू झालं, तरी सुमारे एक तृतीयांश शहर अजून जमिनीखालीच आहे. तुम्ही गेलात तर आधी पायाखाली पाहा. फरसबंद रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पुढे गरम जेवण विकणाऱ्या दुकानांचे ओटे लागतात, त्यांत रांजण बसवलेले. आणि मग माणसं. राखेत देह नाहीसे होऊन राहिलेल्या पोकळ्यांत 1863 मध्ये प्लास्टर ओतायला सुरुवात झाली, त्यातून निघालेले हे ठसे. कुणी तोंड झाकून बसलेलं, कुणी पालथं पडलेलं. तिथं आमचं बोलणं थांबलं.

1938 मध्ये तिथल्याच एका घरात ही हस्तिदंती मूर्ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कोपरापर्यंत बांगड्या, पोटरीपर्यंत वाळे, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, ही कुठली?"

मी अडखळलो. हा प्रश्न आपल्याला जन्मभर विचारला जातो. इथं आपण मराठी, आणि गावी लग्नाला गेलो की 'सुरतवाले'. नेमकं उत्तर आपल्यालाही पटकन देता येत नाही.

त्या बाईचंही तसंच आहे. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यात भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी असा तर्क आहे. तिच्यासारख्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या. ही मूर्ती सातवाहनांच्या राज्यात, भोकरदनला घडली असावी, असं डॉ. म. के. ढवळीकरांनी मांडलं. पण तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. त्यामुळे वाद मिटलेला नाही.

भोकरदनची असेल, तर ती समुद्रापर्यंत कशी पोचली असेल? पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या पुस्तकात एक वाट नोंदवून ठेवली आहे. पैठण आणि तेरचा माल, म्हणजे मौल्यवान दगड आणि कापड, गाड्यांत भरून रस्ता नसलेल्या मुलखातून बारिगाझाला येई. पैठणहून वीस दिवसांची वाट. बारिगाझा म्हणजे आपलं भरूच. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी अवघड, की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे जात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवत आत आणत. हजिऱ्याचं पाणी पाहिलेल्या तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

नातीला मी शेवटी एवढंच म्हटलं, "आपल्याच वाटेनं आली असावी." ती म्हणाली, "मग ती वाट मला दाखवा."

मंडळी, इथं मला लाज वाटली. भरूच आपल्यापासून सत्तर किलोमीटरवर. बडोद्याला जाताना गाडी नर्मदेच्या पुलावर आली की मी खिडकीतून नाणं टाकतो, हात जोडतो आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो. उतरलो कधीच नाही. भोकरदन पाहिलं नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे, तेही नाही. नेपल्सचं तिकीट मात्र सहा महिने आधी काढलं होतं!

पॉम्पेई पाहायला जरूर जा, आयुष्यात एकदा पाहावं असंच ते आहे. पण माझी एक विनंती आहे. मंडळाची यंदाची सहल भरूचला काढू या आणि दिवाळीच्या सुट्टीत भोकरदन, पैठण, तेर करू या. मुलांना बरोबर घेऊ. आपण कुठले, हे त्यांना कुणी विचारलंच, तर निदान वाट तरी सांगता येईल.