खानदेशी प्रेक्षक आणि आजचा विनोद

जळगाव वा धुळे येथील सामान्य प्रेक्षक हा काही टीकाकार नव्हे. कपाशीची वेचणी आटोपली, अथवा घरी पाहुणे आले, म्हणजे तो मुलाबाळांसह विनोदी चित्रपटास जातो; एरव्ही रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शनसंचावर हास्याचा जो कार्यक्रम लागेल तो पाहतो. दिग्दर्शनाच्या पद्धतींची चिकित्सा त्याला रुचत नाही. हसू आले की नाही, एवढीच त्याची कसोटी असते. आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

या कसोटीस अलीकडच्या काही कृती खचित उतरल्या आहेत. परेश मोकाशी यांचा ‘नाच गं घुमा’ (२०२४) हा त्यांतील एक होय. मालकीण आणि मोलकरीण यांचा रोजचा झगडा, एकीवाचून दुसरीचे चालत नाही ही अडचण आणि तरीही कोणीच माघार न घेणे, या साध्या भांडवलावर मुक्ता बर्वे व नम्रता संभेराव यांनी चित्रपट तोलून धरला आहे. धुळ्याच्या गृहिणीला मुंबईची लोकलगाडी परकी असेल, परंतु न सांगता राहिलेली कामवाली परकी नाही. २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमातील समीर चौघुले यांचा चेहराच अर्धे काम करतो, हेही सर्वांना मान्य आहे. तक्रार एवढीच की परीक्षकांचे हास्य पुष्कळदा प्रेक्षकाच्या हास्याच्या आधीच ऐकू येते. कोणी बाजूला बसून ‘आता हसा’ असे सुचवू लागले म्हणजे माणूस उगाच गंभीर होतो. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मधील एस. टी. बस दुसऱ्या भागात (२०२४) आगगाडी झाली. पण वाहन बदलल्याने विनोद पुढे सरकतोच असे नाही.

तथापि खरी उणीव निराळीच आहे. या विनोदांची गाडी मुंबईहून निघते ती कोकणाकडे वळते, नाही तर ‘झिम्मा’ (२०२१) प्रमाणे थेट इंग्लंडात जाते. तापीच्या खोऱ्यात ती क्वचितच येते. बोलींच्या बाबतीतही हेच. ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणीला रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने मराठवाड्याची बोली गावोगाव नेली, तर भारत गणेशपुरे यांच्यामुळे वऱ्हाडी ढंग घरोघर परिचित झाला. या सर्वांत अहिराणी कोठे आहे? २०११ च्या जनगणनेत जिच्या भाषिकांची संख्या खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार नोंदली गेली, ती बोली विनोदात आलीच तर पाहुणी म्हणून येते. एखादे पात्र ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणते, ‘मला’च्या जागी ‘माले’ म्हणते, भरिताचा उल्लेख करते आणि निघून जाते. धुळ्याची अहिराणी व रावेर-यावलची लेवा बोली यांतील भेद लेखकाच्या गावीही नसतो. बोलीत विनोद करणे आणि बोलीवर विनोद करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ज्याची बोली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

यात एक विचित्र योग आहे. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या विनोदी बोलपटाचे लेखक आचार्य अत्रे यांनीच पुढे १९५२ साली, असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांच्या संग्रहास प्रस्तावना लिहिली. खानदेशातील शेतकरीणबाईच्या शब्दांतील खोच आणि मिस्किलपणा मराठीतील त्या थोर विनोदकाराने तत्काळ ओळखला. पडद्याला मात्र ती ओळख अद्याप पटलेली दिसत नाही.

खानदेशच्या नावाने हसू सर्वत्र पोहोचले ते निराळ्याच वाटेने. धुळ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या गावी शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तयार केले. पैसा नव्हता, म्हणून डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले आणि बैलगाडीच क्रेन झाली. पुढे तेथील माणसांवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला, तर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रगृहांत आला. मालेगावच्याच छोटू दादाची ‘खानदेश’ हे नाव मिरवणारी प्रहसने आज भारतभर पाहिली जातात. त्यांतील भाषा मात्र हिंदी! नाव खानदेशाचे आणि बोली दुसरी, हे पाहून जळगावकराला थोडा अभिमान वाटतो व थोडे चुटपुटल्यासारखेही होते. असे असले तरी तो हसतो, कारण तेथील गरिबी खरी आहे आणि तिची लाज कोणी बाळगलेली नाही.

आता पारोळा, चोपडा, साक्री या भागांतील तरुण मंडळीही फोनवर चित्रण करून अहिराणीत लहान लहान प्रहसने करू लागली आहेत. अभिनय कच्चा असतो, आवाज वाऱ्यात उडून जातो, आणि सासू-सुनेचे भांडण मिटविण्याची युक्ती त्यांना बहुधा सापडत नाही. पण ती लागली की स्वयंपाकघरातील म्हातारी भाकरी तव्यावर टाकून दाराशी येऊन उभी राहते. हास्यजत्रेसाठी ती कधी उठलेली नाही.