टाकीतले शेवटचे चार लिटर



बैलाला चारापाणी दाखवल्याशिवाय औताला जुंपू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. पण बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, छकड्याच्या जागी जीप आली, आणि ही शिस्त मात्र गोठ्यातच राहिली. गाडीचा काटा तळाला टेकतो, समोर पिवळा दिवा लागतो, तरी आपण म्हणतो, "अजून वीसेक किलोमीटर जाईल की! बाजाराच्या दिवशी भरू." आणि बहुतेक वेळा गाडी जातेही. म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. टाकीतले तेल केवळ जळण्यासाठी नसते. जळण्याआधी ते आणखी तीन कामे करीत असते. ते पंपाला थंड ठेवते, यंत्राच्या बारीक भागांना वंगण पुरवते, आणि हवा व पाणी यांना इंजिनापासून दूर ठेवते. टाकी तळाला गेली की ही तिन्ही कामे लंगडी पडतात. तेल संपून गाडी थांबते ते आपल्याला दिसते. त्याआधी काय बिघडत असते ते दिसत नाही.

प्रथम पेट्रोलच्या मोटारीचे पाहू. हल्लीच्या मोटारीत पेट्रोल ओढणारा विजेचा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. गाडी चालू असेतो तो सारखा फिरतो, आणि फिरणारी वस्तू तापणारच. त्याला गार कोण ठेवते? त्याच्या आतून वाहणारे आणि भोवती साठलेले पेट्रोल. विहिरीत सोडलेली पाणबुडी मोटर पाण्याबाहेर उघडी पडली तर काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. तसेच हे. एकदा काटा खाली गेला म्हणून पंप लगेच जळतो असे नाही. पण वर्षानुवर्षे टाकी तळाशीच ठेवायची सवय असेल, तर पंपाचे आयुष्य कमी होते. शिवाय पेट्रोल तुटत तुटत मिळू लागले म्हणजे इंजिन आचके देते, आणि अर्धवट जळालेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेला जाते. त्या वाटेवर धूर शुद्ध करणारे एक महागडे भांडे असते. असे पेट्रोल तिथे जाऊन जळू लागले की ते भांडे बेसुमार तापून निकामी होऊ शकते.

डिझेलची गोष्ट याहून नाजूक आहे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीत १८९७ साली यशस्वीपणे चालले. त्यात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा जोराने दाबून तापवायची आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा, ही त्याची युक्ती. हा फवारा उडवणाऱ्या पंपाचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की त्यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान असते. त्या फटीत वेगळे वंगण घालायला जागाच नाही. डिझेल हेच तिथले वंगण. कोरडा पंप फिरवणे म्हणजे वंगणाशिवाय चाक हाकणे होय.

आणि टाकी पुरती रिकामी झाली तर नळीत हवा शिरते. विहिरीवरच्या ऑईल इंजिनापाशी ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना 'इंजिनाने हवा धरली' म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. नव्या मंडळींसाठी सांगतो. डिझेल दाबले तरी फारसे दबत नाही, म्हणून पंपाने रेटा दिला की तो थेट नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र रबरी चेंडूसारखी दबते. पंप रेटत राहतो, हवेचा फुगा दबत आणि फुगत राहतो, आणि नोझल काही उघडत नाही. मग टाकीत वीस लिटर डिझेल ओतले तरी इंजिन चालू होत नाही. अशा वेळी सेल्फ मारीत बसू नका. त्याने बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटर तापते.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या ट्रॅक्टरवर हवा काढायची रीत सोपी आहे. आधी टाकीत पुरेसे डिझेल घाला. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा सोडायचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारीत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे येतील, आणि शेवटी डिझेलची सलग धार येईल. धार सलग झाली की स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर दोहोंना हेच करा, आणि मग पंपावरच्या स्क्रूला. सांडलेले डिझेल पुसून घ्या. हे काम चालू असता बिडी-काडी जवळ नको. नव्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत मात्र इंजिनाकडच्या नळ्यांना पाना लावू नका. मोटारीच्या चाकात हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. या नळ्यांत तो हजार बारच्याही वर जातो. तसला फवारा कातडी भेदून आत शिरतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचे.

आता पाणी आणि गाळ यांच्याविषयी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर डिझेलचे साधारण ८३० ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते. हे पाणी येते कुठून? रिकाम्या टाकीत हवा असते आणि हवेत दमटपणा असतो. रात्री पत्रा गार पडला की गवतावर दव पडते तसे टाकीच्या आतल्या अंगाला दव धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. टाकी जितकी रिकामी तितकी हवा जास्त आणि दवही जास्त. म्हणून ट्रॅक्टरची टाकी सकाळी कामाला निघताना भरण्याऐवजी संध्याकाळी काम उरकल्यावर भरावी. पावसाळ्यात तर हे आवर्जून करावे. तळातली नळी गाळाच्या थोडी वर ठेवलेली असते. पण तेल कमी असले म्हणजे खाचखळग्यांतून तेच तेल हिंदकळते, तळ ढवळतो आणि गाळ-पाणी नळीच्या तोंडाशी येते. फिल्टर तुंबतात, नोझल खराब होतात.

पेट्रोलबाबत एक नवी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस, मळी आणि धान्य यांपासून ते बनते, म्हणजे त्यात आपल्या शिवाराचाही वाटा आहे. पण इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडे पाणी ते पोटात घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून बरेच दिवस उभी राहणारी मोटारसायकल रिकाम्या टाकीने ठेवू नये. आणखी एक. जुन्या मोटारसायकलला रिझर्व्हची चावी असे. गाडी आचके देऊ लागली की चावी फिरवायची आणि पंप गाठायचा. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींना ती चावी नाही. दिवा लागला, हाच आता इशारा.

घाटातली गोष्ट तर जिवाशी खेळणारी आहे. आंबोली, कुंभार्ली, वरंधा असे घाट डोळ्यांपुढे आणा. चढाला आणि वळणाला टाकीतले थोडके तेल एका कडेला जाते, नळी उघडी पडते आणि इंजिन बंद होते. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत एकदोनदा पेडल दाबेपर्यंत पुरते. पुढे ब्रेक लागतो, पण पायाचा सारा जोर लावून. असे झाले तर घाबरू नका. किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंगच अडकेल. पेडल सारखे सोडून-दाबून वाया घालवू नका. एकदाच घट्ट दाबा, गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा आणि तांबडा त्रिकोण मागे लांब ठेवा.

काही जण तेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात. यात वाचत काहीच नाही. आजच्या गाड्यांत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाकडे जाणारे तेल आपोआप तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे तेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा आवर सुटतो आणि ब्रेक तापतात.

आणि एक कळकळीची विनंती. वाटेत तेल संपले म्हणजे दुसऱ्याच्या टाकीत नळी घालून तोंडाने ओढायची पद्धत खेड्यापाड्यांत सर्रास आहे. ती सोडा. पेट्रोलचा एक घोट छातीत उतरला तर फुप्फुसे भाजल्यासारखी सुजतात. माणूस दगावूही शकतो. कुणी चुकून गिळलेच तर त्याला उलटी करायला लावू नका. उलटीबरोबर तेच पेट्रोल फुप्फुसात जाते. ताबडतोब दवाखाना गाठा. पेट्रोलची बाटली घरात, चुलीच्या आसपास तर कधीच ठेवू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमच्या वर्गासाठी चांगले पाठ आहेत. एका पारदर्शक बाटलीत रंगीत पाणी आणि वर गोडेतेल घाला. कोण तळाशी बसते ते मुलांना पाहू द्या. मग बाटली रिकामी करून त्यात बोटभर पाणी ठेवा, एक नळी तळाशी टेकवा आणि बाटली कलती करा. नळीचे तोंड कसे उघडे पडते ते दिसेल. घाटातली गाडी का थांबते, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही. गणितही आहे. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी ५ लिटरमध्ये किती जाईल? मुले म्हणतील, ७५. मग विचारा, चढ असेल तर? माणसे दाटीवाटीने भरली असतील तर? उत्तर कागदावर ७५ आणि रस्त्यावर कमी, हे मुलांना या वयातच कळलेले बरे.

"अहो, पण टाकी भरायला एकदम पैसे लागतात, त्याचं काय?" असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सगळ्यांनाच टाकी काठोकाठ भरणे परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. दोनशे-तीनशे रुपयांचे घालीत असाल तर तसेच घाला. फक्त काटा चतुर्थांशावर आला की घाला, तळाला टेकल्यावर नको. चाळीस लिटरच्या टाकीत हे दहा लिटर झाले. त्यांचे पैसे एकदाच गुंतवायचे. पुढे रोजचा खर्च तेवढाच राहतो, कारण गाडी जितकी चालते तितकेच तेल पिते. खाली राहिलेले तेल वाया जात नाही. ते राखून ठेवलेले असते. कितीही ओढगस्त असली तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही. टाकीतला तो खालचा हिस्सा बियाण्याचा समजा.

कारण गावातली गाडी एकट्या मालकाची नसते. अपरात्री वस्तीवर एखादी बाई अडली, शेतात कुणाला पान लागले, तर १०८ ला फोन जातोच. पण आडवाटेच्या वस्तीतून डांबरी रस्त्यापर्यंतची पहिली धाव पुष्कळदा शेजारच्या जीपचीच असते. त्या वेळी तालुक्याचा पेट्रोलपंप बंद असतो. दारात गाडी आहे, चालवणारा आहे, आणि टाकी कोरडी आहे, अशी पाळी कुणावर न यावी. आज संध्याकाळी गाडी लावताना काट्याकडे एकदा नजर टाका.